लिनन रूममधली चार वाक्यं

हॉटेलातला आमचा दिवस ब्रीफिंगने सुरू होतो. पावणेआठला हाउसकीपिंगची सगळी पोरं लिनन रूममध्ये, म्हणजे चादरी-टॉवेलांच्या खोलीत, ओळीने उभी राहतात. मी नखं बघते, केस बघते, कुणाच्या हातात बांगडी-अंगठी राहिलीय का बघते. मग कुणाला कुठला मजला, चेकआउट किती, कुठल्या खोलीत तान्हं मूल आहे, एवढं सांगून सोडते. दहा मिनिटांचं काम. नोव्हेंबर २०२४ मधल्या एका मंगळवारी त्या दहा मिनिटांच्या शेवटी मी चार वाक्यं जास्तीची बोलले. ती निस्तरण्यात पुढचं वर्ष गेलं.

ते दिवस गोव्यात कसे होते हे इथल्यांना सांगायला नको. सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून लाखांनी पैसे उकळणाऱ्यांच्या अटकेच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. सकाळच्या कदंबा बसमध्ये एकच पेपर पाच जण वाचायचे. कोण म्हणायचं घेणारा चोर, कोण म्हणायचं देणारा गाढव. मी खिडकीबाहेर बघत बसायचे. पैसे माझे गेले नव्हते, बहिणीचे गेले होते, पण तिला वाट मी दाखवली होती.

तो आमच्या हॉटेलात टाईम ऑफिसला होता. नाव लिहीत नाही, टाईमकीपर म्हणते. (तोंडावर मी त्याला कायम 'तुम्ही'च म्हटलं, आजही म्हणेन. लिहिताना हात 'तो'कडे वळतो, त्याला इलाज नाही.) टाईम ऑफिस म्हणजे मागच्या गेटजवळची खोली. हजेरीचं मशीन, रजेचे अर्ज, कंत्राटी पोरांची मुदत वाढवायचे कागद, सगळं तिथून जातं. माणूस गोड. कुणाचं बारसं असो, मयत असो, हा पहिला हजर.

मे २०२३ मध्ये बोलता बोलता मी त्याला म्हटलं, बहिणीचा मुलगा आयटीआय करून घरी बसलाय. तो म्हणाला, "ताई, आधी नाही का सांगायचं? एका खात्यात जागा निघताहेत. बाकीचे आठ-दहा लाख मागतात. तुमचा भाचा म्हणून दीड." बहीण डिचोलीला असते. तिने पन्नास हजार गूगल पेने पाठवले. वरचे एक लाख सोसायटीत दागिने ठेवून उचलले आणि आमच्या घरी, आमच्या सोप्यावर बसून, रोख त्याच्या हातात दिले. सोबत पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, मार्कलिस्ट. त्या दिवशीचा चहा मी केला होता. पुढे वकिलाची नोटीस आली, तिच्या उत्तरात हे लिहिलं नाही, इथे लिहिते.

मग सुरू झाल्या तारखा. फाईल वर गेलीय. फाईल खाली आलीय. लोकसभेची आचारसंहिता लागलीय, ती उठू दे. ७ मे २०२४ ला मतदान झालं, जूनमध्ये आचारसंहिता उठली, तर विधानसभेचं अधिवेशन आलं. अधिवेशन संपलं तर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. चवथीच्या आधी गोव्यात कुठलं काम होत नाही आणि चवथीनंतर सगळे थकलेले असतात, हे कारण तर मलाही पटलं.

त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी एका चेकआउट खोलीत आम्ही दोघी पलंग करत होतो. ती सत्तरी तालुक्यातली, वय तेवीस, स्टाफ क्वार्टरमध्ये राहणारी. खोळ झटकता झटकता म्हणाली, "ताई, शुक्रवारी अर्धा दिवस पाहिजे. आईच्या पाटल्या ठेवायच्या आहेत." कशाला, तर भावाच्या नोकरीला. किती, तर ऐंशी हजार. कुणाला द्यायचे, तर आवाज खाली आणून, "टाईम ऑफिसला. पण कुणाला सांगू नका हां."

तिला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो, दार लोटलेलं होतं. पण तिला सांगायचं तर बहिणीचं सांगावं लागणार, आणि सोळा वर्षं ह्या लाईनीत काढलेली सुपरवायझर अशी फसली हे तेवीस वर्षांच्या पोरीसमोर कबूल करायला जीभ उचलेना. मी उशांना खोळी घालत राहिले. रात्री झोप नाही. सकाळी ब्रीफिंगला अकरा जण उभे होते, ती डावीकडून तिसरी. आणि जे एकीला सांगायचं होतं ते मी अकरा जणांना सांगितलं. रागाने सांगितलं. थोडी फुशारकीही असेल. पेपरातल्या बातम्यांनी अंगात बळ आलं होतं.

आमची कामावरची भाषा म्हणजे कोकणी, मराठी आणि ओडिशा-आसामच्या पोरांसाठी हिंदी, एकाच वाक्यात तिन्ही. मराठीत सांगायचं तर ती चार वाक्यं अशी. टाईमकीपरला नोकरीसाठी पैसे देऊ नका. माझ्या बहिणीकडून त्याने दीड लाख घेतले, दीड वर्ष झालं, नोकरीही नाही आणि पैसेही नाहीत. पेपरात येताहेत ना, हा त्यांतलाच. आधीच्या हॉटेलातून ह्याला चोरीसाठी काढला होता.

कुणी काही बोललं नाही. ट्रॉल्या घेऊन आपापल्या मजल्यावर गेले.

दुपारी तीनला तो लिनन रूमच्या दारात आला. चेहऱ्यावर राग नव्हता. म्हणाला, "ताई, माझ्याबद्दल काहीतरी बोललात म्हणे." मी म्हटलं, बोलले, खरं तेच बोलले. "मग तेच आता कोर्टात सांगा. बदनामीची केस घालतो. नोकरीवरून जाल ते वेगळंच." टॉवेलांच्या थप्पीवरचा एक टॉवेल उचलून त्याने नीट घडी करून परत ठेवला. जाता जाता म्हणाला, "भाच्याचं काम होत आलं होतं हो. आता मी काही बोलू शकत नाही."

केसच्या धमकीपेक्षा हे शेवटचं वाक्य जास्त लागलं. रात्री नऊला बहिणीचा फोन. त्याने तिला आधीच कळवलं होतं. बहीण रडत म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? दीड वर्ष थांबलो, आणखी दोन महिने थांबलो असतो. पोराची नोकरी घालवलीस." मी म्हटलं, अगं, नोकरी नव्हतीच. तर म्हणाली, "ते तुला काय माहीत?" फसलेल्या माणसाची आशा आपण तोडायला गेलो की तो फसवणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो, हे मी बातम्यांत वाचलं होतं. सख्ख्या बहिणीच्या तोंडून ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. त्यानंतर चार महिने तिने माझा फोन घेतला नाही.

दोन दिवसांनी एचआरचं पत्र हातात पडलं. सहकाऱ्याबद्दल बदनामीकारक बोलल्याबद्दल कारणे दाखवा, मुदत ४८ तास. मॅनेजर म्हणाले, "तक्रार होती तर आमच्याकडे यायचं. ब्रीफिंग ही त्याची जागा आहे का?" मला राग आला, कारण ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की एचआरकडे जाणारा आमचा प्रत्येक कागद टाईम ऑफिसवरून जातो आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. मी दोन ओळी लिहून दिल्या, वकिलाला विचारून सविस्तर उत्तर देते म्हणून. तेव्हा माझ्याकडे वकील नव्हता. शब्द वापरला की जरा दबकतात म्हणून लिहिला.

लिनन रूममधलं वातावरण मात्र गेलं. मी आत शिरले की बोलणं थांबायचं. त्या अकरांतल्या कुणीतरी त्याच दिवशी त्याला सांगितलं होतं, आणि मी चादरी मोजता मोजता एकेकाचा चेहरा बघायचे. हा असेल? कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय, हाच असेल. ती असेल? त्याच्या गावची आहे. सत्तरीच्या पोरीवरही संशय घेतला, सगळ्यांत जास्त तिच्यावरच घेतला. आजपर्यंत कळलेलं नाही. तो शोध घ्यायला नको होता एवढं आता वाटतं. सांगितलेली गोष्ट ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंत जाणारच. तो माणूस काही चंद्रावर राहत नव्हता, मागच्या गेटवर बसायचा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमनने घरी रजिस्टर आणून दिलं. पेडण्यासारख्या तालुक्यात पोस्टमन नुसतं पाकीट देत नाही, "वकिलाचं दिसतं" असंही सांगून जातो. संध्याकाळी मी पोचले तर सासू, सासरे, घरवाला, तिघंही सोप्यावर, आणि मध्ये स्टुलावर ते पाकीट, न फोडलेलं. सासऱ्यांनी कोर्टाच्या पायरीबद्दलची म्हण ऐकवली. घरवाला टुरिस्ट टॅक्सी चालवतो, त्याला आधी गाडीचीच भीती. "गाडीवर जप्ती येईल?"

तीन पानं इंग्रजी. त्यांच्या अशिलाची समाजातली निष्कलंक प्रतिमा वगैरे, मग माझे शब्द, मग मागण्या. पंधरा दिवसांत बिनशर्त लेखी माफी, ती दोन वर्तमानपत्रांत छापायची, शिवाय दहा लाख रुपये नुकसानभरपाई, नाहीतर फौजदारी आणि दिवाणी दोन्ही. दहा लाखांवरची शून्यं घरवाल्याने बोटाने मोजली.

म्हापशाच्या एका वकीलबाईंचं नाव ओळखीतून मिळालं. रजा शुक्रवारचीच मिळाली आणि शुक्रवारी म्हापशात बाजार. स्कूटर लावायला अर्धा तास, मग चवळी-काकड्या-चुरमुऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत वर ऑफिसात. बाईंनी आधी पाकीट मागितलं. मी नोटीस पुढे केली. म्हणाल्या, "पाकीट. ते फेकायचं नसतं. कधी मिळालं ते त्यावरून ठरतं." पाकीट घरी होतं, सासूने त्यात लाईटबिलं घालून ठेवली होती.

मग विचारलं, "काय बोललात?"

"खरं तेच बोलले."

"ते मी विचारलं नाही. शब्द काय होते?"

कोरा कागद दिला. म्हणाल्या, चारही वाक्यं ज्या भाषेत बोललात त्याच भाषेत लिहा आणि प्रत्येकासमोर लिहा, हे तुम्हाला कसं माहीत. स्वतः पाहिलंत, कुणी सांगितलं, की वाटलं.

मला वाटलं पाच मिनिटांत होईल. पाऊण तास लागला. 'पयशे दिवं नाकात' हा सल्ला, त्यासमोर काही लिहायची गरज नव्हती. दुसऱ्यासमोर भराभर लिहिलं, गूगल पेची तारीख, घरात मोजलेल्या नोटा, त्याचे व्हॉट्सॲपवरचे 'काम होतंय' असे निरोप. तिसऱ्याशी पेन थांबलं. 'हो त्यांतलोच.' कसं माहीत? पेपर वाचून वाटलं. त्या बातम्यांतल्या एकाही माणसाशी त्याची ओळख असल्याचं मी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. चौथं तर त्याहून वाईट. आधीच्या हॉटेलातून चोरीसाठी काढला, हे मला लॉन्ड्रीतल्या एकाने दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. त्याला कुणी सांगितलं? मी विचारलं नव्हतं. आता विचारावं, तर तो बोटीवर नोकरीला गेलेला.

बाईंनी माझा कागद आणि नोटीस शेजारी शेजारी ठेवली. "आता बघा. तुमची पहिली दोन वाक्यं नोटिशीत कुठे आहेत?"

कुठेच नव्हती. तीन पानांत दीड लाखांचा उल्लेख नाही, बहिणीचा नाही, नोकरीचा नाही. फक्त तिसरं आणि चौथं. 'हो त्यांतलोच' ह्याचं इंग्रजीत 'मेंबर ऑफ अ क्रिमिनल गँग' झालं होतं. ज्याला चोर म्हणावं अशी माझी खात्री होती, त्याने माझ्या बोलण्यातून नेमके तेवढेच दोन तुकडे उचलले होते जे माझे नव्हतेच. आणि ते त्याच्या हातात मी दिले होते. मला त्या क्षणी त्याच्यापेक्षा माझी चीड आली.

कायदा बाईंनी मला समजेल असा सांगितला, तो तसाच लिहिते. नोटिशीत जुन्या दंडविधानाची ४९९ आणि ५०० ही कलमं होती. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेचं ३५६ आलंय. "फरक मोठा पडत नाही, पण जुन्या साच्यातून काढलेली नोटीस आहे एवढं कळतं," असं म्हणून त्या हसल्या. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. समाजसेवेची शिक्षा नव्या कायद्यात आलीय. बोललेलं असो की छापलेलं, फौजदारी कायद्यात कलम एकच. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र, म्हणजे पोलीस उठून दाराशी येऊ शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करायची, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखल घेण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी आरोपीचंही ऐकून घ्यायचं. दहा लाखांचं म्हणाल तर नोटिशीत कुणी कितीही लिहावं, त्याला पैसे पडत नाहीत. दिवाणी दावा घालायचा झाला तर मुदत एक वर्षाची. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं. वकिलाची नोटीस हा कोर्टाचा हुकूम नव्हे, एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेलं पत्र आहे. हे एवढं एक वाक्य मला पाकीट आलं त्या संध्याकाळी कुणी सांगितलं असतं तर घरात सगळे जेवले असते.

मग त्यांनी कलमाखालचे दहा अपवाद दाखवले. पहिला, खरं असेल आणि सार्वजनिक हितासाठी बोललेलं असेल तर. (फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, हे मला नवीन होतं.) आणि अगदी शेवटचा, दहावा: ज्याला सांगितलं त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने सावध करणं ही बदनामी होत नाही. मी म्हटलं, मग झालं की! माझं मन साफ होतं, त्या पोरीच्या पाटल्या वाचवायच्या होत्या. बाई म्हणाल्या, "कायद्यातली सद्भावना म्हणजे नुसतं साफ मन नव्हे. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट कायदा सद्भावनेची धरत नाही, तशी व्याख्याच आहे. दुसऱ्या वाक्याची काळजी तुम्ही घेतलीय. चौथ्याची काय घेतलीत?"

पत्रकार प्रिया रमाणींचा दाखला त्यांनी दिला. लैंगिक छळाच्या आरोपावरून तेव्हाच्या एका केंद्रीय मंत्र्याने घातलेल्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या कोर्टाने १७ फेब्रुवारी २०२१ ला त्यांना निर्दोष सोडलं. मला धीर आला. "पण खटला ऑक्टोबर २०१८ चा होता," बाई म्हणाल्या. "सुटायलाही तारखांना जावं लागतं."

बहिणीच्या बाबतीत बोलणं आणखी अवघड निघालं. मी म्हटलं, आपणच पोलिसांत जाऊ. तर कळलं की सरकारी नोकरीसाठी पैसे देणं हाही गुन्हा ठरू शकतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने लाच देणाराही आत येतो, जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं तर सूट. आमचं तर दीड वर्ष झालेलं. फसवणुकीची तक्रार होऊ शकते, पण आधी बहिणीने स्वतः तयार व्हायला हवं आणि तिलाही प्रश्न विचारले जातील हे तिला माहीत असायला हवं. दिवाणी दाव्याने पैसे मागावेत, तर बेकायदा कामासाठी दिलेले पैसे कोर्टाने परत मिळवून देणं कठीण. आता उलगडलं, बसमध्ये देणाऱ्याला गाढव म्हणणारे एवढे होते, पण 'मी दिले' म्हणणारा एकही का नव्हता ते.

उत्तराचा मसुदा करताना आमचं वाजलंच. बाई म्हणाल्या, रिवाजाप्रमाणे परिच्छेदागणिक सगळं नाकारायचं. मी म्हटलं, अकरा जणांनी ऐकलंय, कुणाच्या खिशात फोन चालू असला तर? शिवाय पहिली दोन वाक्यं मला नाकारायचीच नव्हती. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. मग ठरलं असं: पहिल्या दोन वाक्यांवर ठाम, सोबत पुरावा, शेवटची दोन ऐकीव होती म्हणून मागे घेते, त्याबद्दल दिलगीर आहे, भरपाई वगैरे काही नाही. मागे घेण्याची ओळ लिहिताना हात जड झाला. दीड लाख ज्याने खाल्ले त्याला दिलगीर? बाईंनी मसुद्यातला तो शब्द दोनदा खोडून पाहिला, दोनदा परत लिहिला. शेवटी मीच म्हटलं, राहू द्या.

पुराव्यासाठी स्क्रीनशॉट चालले नाहीत. बहिणीच्या खात्याचं बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट लागलं, आणि ती माझ्याशी बोलत नव्हती, म्हणून भाच्याने गुपचूप आणून दिलं. व्हॉट्सॲपचे निरोप पुसायचे नाहीत, फोन बदलायचा नाही, कारण फोनमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. आणि स्टेटसला काहीही ठेवायचं नाही. ही शेवटची सूचना माझ्यापेक्षा घरवाल्यासाठी होती.

सगळे मिळून सहा हजार गेले. उत्तर रजिस्टरने पाठवल्यानंतर कोर्टाच्या आवारात एक बोर्ड वाचला: महिलांना उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य. १९८७ चा कायदा आहे म्हणे. मी बाईंकडे बघितलं, बाईंनी घड्याळाकडे बघितलं. माणूस चांगलं, पण फी परत मिळाली नाही.

एचआरला माफीनामा नोटीस बोर्डावर हवा होता, आणि लवकर हवा होता; वीस डिसेंबरनंतर किनाऱ्यावरच्या हॉटेलात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. मी म्हटलं, बोर्डावर नको, जिथे बोलले तिथेच बोलते. सकाळी पावणेआठ. तेच अकरा जण. एचआरचे मॅनेजर आणि टाईमकीपर टॉवेलांच्या रॅकला टेकून. नखं-केस बघून झाले. मग मी म्हटलं, "त्या मंगळवारी मी चार वाक्यं बोलले होते. शेवटची दोन मला माहीत नसताना बोलले. ती मागे घेते, त्यांची माफी मागते." एवढं बोलून थांबले. मॅनेजरनी मान डोलावली, वही मिटायला घेतली. मी म्हटलं, "पहिली दोन आहेत तशीच आहेत." आणि हिंदीतही सांगितलं, ओडिशाच्या पोरांसाठी.

टाईमकीपरने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरनी विचारलं, आज ऑक्युपन्सी किती? मी सांगितली. ब्रीफिंग संपलं.

संध्याकाळी बस स्टॉपवर किचन स्टुअर्डिंगचा एक जण शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ मोबाईलकडे बघत होता, मग वर न बघताच म्हणाला, "ताई, माझे साठ." मी विचारलं, बँकेतून दिलेस? "रोख." आणि बस आल्यावर, "कुणाला सांगू नका." हेच शब्द त्या पोरीनेही वापरले होते.

तिच्या पाटल्यांचं मात्र मला कळायला मार्ग नव्हता. ड्युटीवर दागिना घालायचा नाही हा नियम मीच रोज तपासते, आणि पाटल्या तर तिच्या आईच्या. शुक्रवारचा अर्धा दिवस तिने नंतर मागितला नाही, पण त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. माझ्याशी कामापुरतं बोलायची. जानेवारीत बोडगेश्वराच्या जत्रेत खाज्याच्या दुकानापुढे ती आईबरोबर दिसली. मी आधी आईच्या हातांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. हिरव्या काचेच्या बांगड्या, मध्ये पाटल्या. पोरगी "ताई" म्हणाली, आईला काही सांगितलं नाही, आणि गर्दीबरोबर पुढे गेली.

मार्च २०२५ मध्ये बहिणीच्या खात्यात पन्नास हजार जमा झाले. त्यासोबत निरोप नाही, फोन नाही. जेवढे गूगल पेने गेले होते तेवढे, रुपयाचा फरक नाही. रोख दिलेल्या लाखाचा पत्ता नाही. बहिणीने त्याच रात्री फोन केला, चार महिन्यांनी, जणू काल बोललो होतो अशा आवाजात, आणि म्हणाली, "तुझ्या वकीलबाईंना सांग ना, उरलेल्यांचंही बघायला." पोलिसांत जायला ती आजही तयार नाही. भाचा आता कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांना बसतो.

केस काही आली नाही. पावसाळा संपताना टाईमकीपरने नोकरी सोडली. स्टाफ कॅन्टीनमध्ये केक कापला, मॅनेजर चार चांगले शब्द बोलले. केक मीही खाल्ला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिवाणीची वर्षाची मुदत संपली, तेव्हा घरवाला म्हणाला, टाक आता ती फाईल. मी म्हटलं, फौजदारीची दोन वर्षं आहेत अजून. फाईल कपाटात साड्यांखाली आहे, पाकिटासकट.

गेल्या महिन्यात एक फोन आला. आम्ही दोघी एकाच वेळी ह्या लाईनीत आलो होतो. ती आता खालच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात सुपरवायझर आहे. म्हणाली, "तुमच्याकडचा टाईमकीपर आमच्याकडे आलाय. गोड बोलतो. माझ्या पोरीसाठी नोकरीचं बघतो म्हणाला. माणूस कसा गो?"

मी लिनन रूममध्ये होते. दार लोटून घेतलं. म्हटलं, नोकरीसाठी पैसे देऊ नकोस. माझ्या बहिणीचे दीड लाख त्याने मे २०२३ मध्ये घेतले, पन्नास हजार मार्च २०२५ मध्ये परत आले, एक लाख आलेले नाहीत, नोकरी लागलेली नाही.

ती म्हणाली, "इथे म्हणतात, तुमच्याकडूनही त्याला काढलाच म्हणून?"

"नाही. राजीनामा दिला. केक कापला."

"आणि त्याच्या आधीच्या हॉटेलात काहीतरी चोरीबिरी..."

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं.

"अगं, तूच कुणालातरी सांगितलं होतंस ना?"